रुळांपलीकडची शाळा

सान फाउस्तो, १४ नोव्हेंबर १९८८

हेबेर,

तुझं पत्र मिळालं. नेहमीसारखं तुझ्या आईच्या घरी आलं आणि नेहमीसारखं उघडलेलं माझ्या हातात पडलं. "डिंक कच्चा होता," असं तुझी आई म्हणाली. सात महिन्यांनी आलेल्या पत्राचा डिंक कच्चा असणारच.

पत्र चार ओळींचं आहे. पहिल्या ओळीत हुकूम, की हिमेनाला मार्चपासून पहिलीला चौकातल्या शाळेत घाल. दुसऱ्या ओळीत दुसरा हुकूम, की पत्त्याचा पुरावा म्हणून आईचं लाइट बिल जोड. तिसरीत उपदेश: "शाळा-शाळांत फरक असतो, डोळे उघडे ठेवून बघ." चौथीत सही. निबिया कशी आहे हे विचारायला पाचवी ओळ लागली असती, तेवढा कागद ब्वेनोस आयरेसमध्ये मिळत नसावा.

ठीक आहे, बघते. तसंही या गावातल्या तिन्ही सरकारी शाळांत कपड्यांवरून घालायचे पांढरे झगे मीच शिवते, त्यामुळे शाळेच्या आत पाऊल न टाकताही मला बरंच कळतं. चौकातल्या शाळेची आई येते आणि म्हणते, "निबिया, अगदी मापात बसव, पुढच्या वर्षी नवा शिवू." रुळांपलीकडची आई म्हणते, "चार बोटं आत दुमड गं, सहावीपर्यंत गेला पाहिजे." तिसरी शाळा मांसाच्या कारखान्यापाशी. वारा उलटा फिरला की तिथे नाकाला रुमाल लावून पाढे म्हणतात, म्हणून ती मी आधीच यादीतून काढली आहे.

उरल्या दोन. वही घेऊन दोन्हीकडे जाईन आणि तुलना करून कळवीन. तुला हवं तेच कळवीन असं मात्र धरून चालू नकोस.

पाकिटामागे माझा पत्ता लिहीत नाही. तुझ्या आईचं घर सोडून मला पावणेदोन वर्षं झाली. मी कुठे राहते हे तू एकदाही विचारलेलं नाहीस.

निबिया


२ डिसेंबर १९८८

हेबेर,

आज चौकातल्या शाळेत गेले होते. जे आहे ते लिहिते. खोटं लिहिलं तर तू म्हणशील, बाई चिडून लिहितेय. मी चिडलेली आहेच, पण त्यासाठी मला खोट्याची गरज नाही.

शाळा चांगली आहे. पियानो सुरात लागलेला आहे. काचेच्या कपाटांत पुस्तकं आहेत आणि कपाटांना कुलूप नाही. एका वर्गात सत्तावीस मुलं. शिक्षिका दहा-दहा वर्षं हलत नाहीत. का हलतील? दरवर्षी नेमणुकीच्या दिवशी जिचे गुण सगळ्यात जास्त तिला पहिली निवड, आणि पहिली निवड चौकातली शाळा. शेवटी जी उरते ती मान खाली घालून रूळ ओलांडते. गाडी बंद होऊन वर्ष होत आलं, रुळांवर गवत उगवलं, तरी माणसं अजून अलीकडची आणि पलीकडची आहेतच.

दरवर्षी झेंडा धरायचा मान मिळालेल्या हुशार मुलांची व्हरांड्यातली पाटी अजून तिथेच आहे. १९६४च्या ओळीत सोनेरी अक्षरांत तुझं नाव. हिमेनाला वाचता येत नाही, पण इथल्याच बालवर्गाच्या बाईंनी तिला कधीतरी दाखवलं असणार. ती धावत गेली, टाचा उंचावून नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा बाबा." पाटी पितळेची आहे, महिन्याला घासतात.

मग मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेलो. बाईंनी वर न बघता विचारलं, "पत्ता?"

नाव नाही, वय नाही, पहिला प्रश्न पत्ता. मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी ड्रॉवरमधून बालवर्गाची फाइल काढली. "हां, इथे आहेच की. मुलगी आजीकडे राहते, चौकात. ओतिलियाबाईंकडे." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही आई. म्हणजे तुम्ही... अधूनमधून भेटायला जाता?"

त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, हे सांगायला हवं. त्या कागदावर लिहिलेलं वाचत होत्या. कागदाखाली सही माझी होती.

मी म्हणाले, बिल घेऊन पुन्हा येते, आणि बाहेर पडले. चौक ओलांडल्यावर आइस्क्रीमच्या गाडीपाशी हिमेनाने विचारलं, "आई, मी आजीकडे राहते का?"

"नाही."

"मग बाईंच्या कागदात का आहे?"

त्या सहीबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. तुला ती गोष्ट माहीत आहे असा मला संशय आहे, म्हणून घाई करत नाही.

निबिया


१४ डिसेंबर १९८८

हेबेर,

सात महिने न लिहिणारा माणूस बारा दिवसांत उत्तर पाठवतो, म्हणजे मध्ये तुझ्या आईने टेलिफोन कचेरीत जाऊन नाणी खर्च केलेली आहेत. या खेपेला पाकीट मात्र नीट चिकटवलेलं होतं. आत काय आहे ते तिला आधीच माहीत असणार.

तू लिहितोस: "कागदोपत्री हिमेना आईकडेच राहते. तेव्हा तिने तिथेच राहावं. पुढच्या वर्षी मी तिला इकडे घेऊन येईन, इथे सगळी सोय आहे." सोय म्हणजे ती बाई, जी तुझा फोन उचलून "बोला" म्हणते. आणि खाली: "न्यायाधीशसुद्धा कागदच बघतो, हे लक्षात ठेव."

लक्षात ठेवलं. आता त्या सहीबद्दल.

जवळजवळ दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या आईच्या घरातून निघाले आणि इथे, बेकरीच्या मागच्या खोलीत आले. तुझी आई स्वतः इथे आली. गोड बोलली. "पोरीचं नुकसान का करतेस? पत्ता माझा घाल, चौकातल्या बालवर्गात जाऊ दे. मुलगी आजीकडे राहते एवढं लिहून द्यायचं. निम्मं गाव करतं." हे खरंच आहे, निम्मं गाव करतं. इथे एकेका आत्याच्या लाइट बिलावर सहा-सहा भाचरं राहतात. मी पण केलं. दरवर्षी मावशीचं बिल मागून आणणाऱ्या बायांना मी हसायचे, आणि मी त्यांच्यापेक्षा मोठी खुळी निघाले. कारण त्यांच्या मावश्यांना त्यांची पोरं नको होती.

परवा वकिलाकडे गेले. त्याच्या बायकोचे पडदे शिवून देणार आहे, म्हणजे फुकट नाही गेले. तो म्हणाला, "बाई, पहिल्यांदा सही केलीत ती चूक म्हणता येईल. तेच बिल जोडून दुसऱ्यांदा केलीत तर ती कबुली होते. मग मुलगी तुमच्याकडे झोपते हे देवाने येऊन सांगितलं तरी उपयोग नाही."

म्हणजे बघ, तुझ्या लाइट बिलाची किंमत काय ते. पियानोबरोबर पोरगी द्यायची.

कालच रुळांपलीकडच्या शाळेत गेले. वहीतलं जसंच्या तसं लिहिते. एका वर्गात एक्केचाळीस मुलं. दोन खिडक्यांना काच नाही. पियानो नाही. पुस्तकं एका कपाटात, आणि त्याच कपाटात खालच्या फळीवर जुने झगे, लहान झालेले, पुढच्या मुलांसाठी. मी एक उचलून बघितला. कॉलरच्या आत चार नावं टाचलेली होती, एकाखाली एक, वरच्या तीन नावांवर धागा ओढलेला. शिवण माझी होती. आठ वर्षांपूर्वीची, आणि उसवलेली नव्हती. मला बरं वाटलं, लपवत नाही.

मुख्याध्यापिका सुल्माबाई. जाड्या, पायात पुरुषी बूट, हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. वाकून हिमेनाला विचारलं, "तुझं नाव?"

"हिमेना."

"काय काय येतं तुला, हिमेना?"

पोरीने विचार केला. "बटणं लावता येतात."

बाईंनी तिथल्या तिथे कपड्यांवरून घातलेला शाळेचा झगा काढला. त्याचं तिसरं बटण कधीचं लोंबत होतं. "मग लाव बघू. मला जमत नाही, वर्षभर असंच चाललंय." आणि माझी पोर त्यांच्या खुर्चीवर चढून बसली, जीभ बाहेर काढून बटण लावलं, दोरा दातांनी तोडला. बाईंनी झगा पुन्हा चढवला, बटण ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "पक्कं आहे. आता हिला वाचायला शिकवायचं, बाकी हिला येतंय."

मी म्हणाले, माझ्याकडे लाइट बिल नाही. वीज बेकरीवाल्या इस्माएलच्या तारेवरून येते. बाई हसल्या. "इथे कुणाकडे असतं? मी घरी येऊन बघते. पोराची खाट दिसली की पत्ता खरा." आणि संध्याकाळी खरंच आल्या, सायकलवरून, वही घेऊन. खाट बघितली, खाटेखालच्या चपला बघितल्या, उशीखाली बाहुली आहे का ते चाचपलं आणि लिहून घेतलं.

तर तुझी तुलना ही अशी. पियानो, पुस्तकं, शिक्षिका, काचा, सगळ्यात चौकातली शाळा जिंकली. मी आंधळी नाही. ती चांगली शाळा आहे, आणि हिमेना तिथे जाणार नाही. रुळांपलीकडे नाव घातलं. सही केली, या वेळी वाचून.

निबिया


१३ फेब्रुवारी १९८९

हेबेर,

काल काय झालं ते तुला तुझ्या आईकडून कळेलच. तिच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

गेल्या आठवड्यात ती इथे आली होती. दारात उभी राहूनच म्हणाली, "ऐकलं ते खरं का गं? त्या शाळेत? जिथे दुपारी पोरांना पातेल्यातून जेवायला घालतात?"

"हो. शिजवलेलं असतं म्हणे."

"आमच्या घरातलं पोर कधी शाळेच्या पातेल्यात जेवलं नाही."

"तुमच्या घरातलं पोर जेवण टाकून नदीपार ब्वेनोस आयरेसला पळालं, ओतिलियाबाई. तेव्हा पातेल्याला नावं ठेवू नका."

मी हे बोलायला नको होतं असं तुला वाटेल. मला वाटत नाही.

तरी काल रविवार म्हणून हिमेनाला आजीकडे जेवायला पाठवलं. दर रविवारी पाठवते. तुझ्या आईशी माझं वैर नाही, तिच्या कागदाशी आहे. चारला परत यायची, आली नाही. पाचला मी गेले. तुझ्या आईने दार बोटभर उघडलं आणि आतून सांगितलं, "ती इथेच राहते. कागद बघ." आणि कडी लावली. आतून हिमेनाचा आवाज आला, "आई आली का?"

मी दार बडवलं नाही. बडवलं असतं तर मी आरडाओरड करणारी बाई झाले असते, आणि पुढे न्यायाधीशापुढे तेच सांगितलं असतं. मी घरी गेले. मार्च तोंडावर आहे, झग्यांचा ढीग पडलाय. वीस झगे चादरीत बांधले, थर्मास घेतला, सुईदोरा घेतला आणि तुझ्या आईच्या पायरीवर येऊन बसले. रविवार, सहा वाजता. गाव चौकात फिरायला निघतं ती वेळ.

पहिल्या फेरीला लोकांनी नुसतं बघितलं. दुसऱ्या फेरीला औषधवाल्याची बायको थांबली. "निबिया, इथे कुठे बसलीस?"

"मुलगी न्यायला आलेय. देत नाहीत. तोवर तुमच्या धाकट्याचा झगा संपवते."

एवढंच. जो विचारेल त्याला एवढंच, सुई न थांबवता. तिसऱ्या फेरीपर्यंत चौकात दुसरा विषय उरला नव्हता. एक म्हातारा पोरांना सांगत होता, "ती बघा, पायरीवर दुकान मांडलंय." बँकेच्या मॅनेजरच्या बायकोने तिथेच थांबून मापही दिलं. चौकातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका नवऱ्याचा हात धरून चालल्या होत्या, त्या थांबल्या. पायरीकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं. त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्या मला म्हणाल्या, "त्या फाइलमधला कागद चुकीचा आहे का?" मी म्हणाले, "कागद चुकीचा आहे. सही माझी आहे." त्या मान हलवून पुढे गेल्या.

तुझ्या आईला सगळं सोसतं, पण चौकातल्या लोकांनी तिच्या घराकडे बघून आवाज खाली आणलेला सोसत नाही. आठ वाजता कडी निघाली. हिमेना बाहेर आली, ओठाला जॅम लागलेला. तुझी आई दारामागे उभी होती, रडत होती. मला तिची दया आली, खरंच आली. तू गेल्यापासून त्या घरात ताट एकच लागतं. पण एकटेपणावर माझी पोर हे औषध नाही, आणि ते तिला तू लिहून द्यायला नको होतंस.

वीसपैकी चौदा झगे तिथेच संपले.

निबिया


२० जून १९८९

हेबेर,

हिमेनाच्या ताब्याबद्दल न्यायालयाने दिलेल्या निकालाचा कागद तुला पोचला असेल. तू आला नाहीस, तुझ्या वतीने बालवर्गाची फाइल आली. माझ्या वतीने सुल्माबाई आल्या, तेच पुरुषी बूट घालून. वही उघडून वाचलं: "तेरा डिसेंबर. खाट एक, उशा दोन, लहान चपला. उशीखाली बाहुली. सात मार्च. दप्तर खिळ्याला. एकोणीस एप्रिल. मुलीला ताप, आई उशाशी." न्यायाधीशांनी विचारलं, एवढ्या वेळा का गेलात? त्या म्हणाल्या, "माझी चारशे मुलं आहेत, साहेब. कोण कुठे झोपतं ते माहीत नसेल तर मी त्यांना काय शिकवू?" मग चौकातल्या शाळेतूनही एक चिठ्ठी आलेली निघाली. मी मागितली नव्हती. तीन ओळी: बालवर्गाच्या दोन वर्षांत मुलीला रोज आईच सोडायला आणि न्यायला येत होती, पावसातही.

मुलगी माझ्याकडे राहील. कागदोपत्रीसुद्धा.

आता तू म्हणशील, शाळेचं काय? सांगते. वर्गात अजून एक्केचाळीस मुलं आहेत. एप्रिलमध्ये शिक्षिका बदलली. काचेच्या जागी पुठ्ठा लावलाय, तो मीच कापला. मी पालक समितीत गेले आहे आणि दुसऱ्या शिक्षिकेसाठी दर सोमवारी शिक्षण कचेरीच्या बाकावर बसते, शिवण घेऊन. तिथला कारकून मला बघितलं की आता कपाळाला हात लावतो. लावू दे. ती शाळा वाईट आहे हे मला कुणी सांगायला नको. पण आता ती माझी आहे, म्हणून ती तशीच राहणार नाही.

काल पहिलीच्या मुलांचं झेंड्याला वचन होतं. जूनची हाडं गोठवणारी थंडी, मुलं झग्याखाली तीन-तीन स्वेटर घालून फुगलेली. सुल्माबाईंनी वचन वाचलं आणि एक्केचाळीस पोरांनी "हो, वचन देतो" असं ओरडायचं होतं. हिमेना सगळ्यांच्या नंतर, एकटीच ओरडली. सगळे हसले, ती हसली नाही.

फाटकाबाहेर तुझी आई उभी होती. लोकरी कॉलरचा कोट, हातमोजे. रूळ ओलांडून चालत आली होती, बुटांना चिखल. मी हिमेनाला पाठवलं. तिने आजीला हाताला धरून आत आणलं आणि बाकावर, माझ्या शेजारी बसवलं. आम्ही दोघी झेंड्याकडे बघत राहिलो. मग स्वयंपाकीण बाई गरम चॉकलेट घेऊन आल्या, त्याच पातेल्यातून.

तुझी आई दोन पेले प्यायली. दुसऱ्याला म्हणाली, "साखर जरा कमी आहे."

एवढं सगळं मी का लिहितेय? तुला हरवलं म्हणून नाही. हिमेनाला तुझी आठवण येते. ती मी तिच्यापासून काढून घेणार नाही. यायचं असेल तर ये. तुझ्या आईच्या घरी नको, हिमेनाच्या घरी ये. कुठे ते मला विचारू नकोस. महिनाभर ती स्वतःच्या घराविषयी एकच वाक्य गिरवतेय, आणि आज पहिल्यांदा ते न बघता, पेनाने लिहिलं. अक्षरं तिरकी आहेत, शेवटचा शब्द कडेला आपटून खाली उतरलाय.

पाकीट उलटं करून बघ. या वेळी पत्ता आहे.

निबिया